बोट बर्फात टाकू नका, शेठ

प्रति,
सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत पॉवर प्रेस आणि शिअरिंग मशीन चालवणाऱ्या सर्व लहान-मोठ्या कारखानदारांस,

स. न. वि. वि.

शेठ, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ओळखतो आणि काही जण मलाही ओळखत असतील. एकतीस वर्षं सातपूरला नोकरी केली. पहिली काही वर्षं प्रेसवर, नंतर रिटायर होईपर्यंत टूलरूमला, म्हणजे प्रेसचे डाय (साचे) बनवणाऱ्या विभागात. तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या डायवर अजून माझा हात फिरलेला असेल. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर नसलेला टूलरूमवाला म्हटलं, की लोकांना ओळख पटते.

बोटांचं दरपत्रक कायद्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता, कुठलं बोट गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं त्याचा. त्यात अख्खा अंगठा 30 टक्के, अख्खी तर्जनी 14, तिची दोन पेरं 11, मधल्या बोटाचं एक पेर 7, अख्खी करंगळीही 7. म्हणजे माझी बेरीज 18. बायको म्हणते, जीएसटीएवढी.

हे पत्र भरपाईसाठी नाही. माझा हिशेब केव्हाच मिटला, ती कंपनीही आता राहिली नाही. बोट तुटल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात आपल्या शॉपमध्ये काय होतं, त्याबद्दल लिहितोय.

1994 ची गोष्ट. थर्ड शिफ्ट, पहाटे तीनच्या सुमारास. की-क्लचची जुनी प्रेस, फूट पेडलवर चाललेली. मी जॉब काढायला हात घातला आणि पेडलवर पाय नसताना दुसरा स्ट्रोक आला. डबल स्ट्रोक म्हणजे काय, हे प्रेसवाल्याला सांगावं लागत नाही. दुखलं नाही. आधी आवाज वेगळा आला, मग बघितलं.

माझ्यासोबतचा हेल्पर चांगला पोरगा होता. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की तुटलेलं बोट बर्फात ठेवायचं. तो अनवाणी गेटबाहेर पळाला, कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला झोपेतून उठवलं आणि पोत्यातला बर्फ फोडून स्टीलच्या ग्लासात भरून आणला. बोटांचे तुकडे त्याने थेट त्या बर्फात दाबले. मला स्कूटरवर मध्ये बसवलं, ग्लास त्याच्या हातात. एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत उजाडलं. तोवर ग्लासात खाली पाणी, वर बर्फ आणि मध्ये बोटं, पांढरीफटक आणि फुगलेली. डॉक्टरांनी चिमट्याने उचलून पाहिली आणि म्हणाले, “ही बर्फाने जळाली.” मला तेव्हा वाटलं, माणूस धीर द्यायला काहीतरी बोलतोय. बर्फाने काय जळतं?

जळतं. थेट बर्फ लागला की पेशींमधलं पाणी गोठतं, त्याचे स्फटिक होतात आणि ते पेशी आतून फाडतात. मग वितळलेल्या पाण्यात कातडी भिजून लोळागोळा होते. इतक्या बारीक रक्तवाहिन्या त्यानंतर शिवण्यासारख्या राहत नाहीत. प्रेसखाली चिरडलेली ती बोटं एरवी तरी जोडता आली असती का? कदाचित नसतीच. पण जो काही प्रश्न होता तो बर्फाने निकालात काढला.

तो हेल्पर आज स्वतः सुपरवायझर आहे. तीस वर्षं तो सगळ्यांना सांगतो की मी साहेबांसाठी पहाटे अनवाणी बर्फ आणायला पळालो होतो. खरंच पळाला होता. बर्फानेच घोळ झाला हे मी त्याला कधी सांगितलं नाही. हे पत्र त्याच्या वाचनात आलं तर भाऊ, राग मानू नकोस, तुला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट चार वर्षांपूर्वीची, माझ्या पुतण्याची. अंबडला एका वर्कशॉपमध्ये शिअरिंग मशीनवर पत्रा सरकवताना डावा अंगठा गेला, मुळाजवळून. त्या शॉपमधल्या स्टोअरकीपर बाईंनी कुठल्याशा प्रशिक्षणात नीट ऐकलेलं होतं. त्यांनी फर्स्ट एडमधलं गॉज सलाइनमध्ये भिजवून पिळलं, अंगठा त्यात गुंडाळला, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि ही पिशवी बर्फ आणि पाणी भरलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवली. सगळं मिळून कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याच्या थर्मासमध्ये बसलं. अंगठ्याला गारवा मिळाला, पण बर्फ कुठेही लागला नाही. पुतण्याच्या हातावर स्वच्छ कापडाची जाड घडी दाबून धरली आणि हात डोक्याच्या वर. दोरी नाही, वायर नाही, हळद नाही, चहापावडर नाही.

पहिल्या दवाखान्याने “मुंबईला न्या” सांगितलं. कसारा घाट, भिवंडीचा ट्रॅफिक, सगळं डोळ्यापुढे आलं. मग फोनाफोनी, तीन ठिकाणी नकार, आणि चौथ्या फोनवर नाशकातच मायक्रोसर्जरी करणारे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवणारे, प्लास्टिक सर्जन मिळाले. यात सव्वा तास गेला. थर्मास होता म्हणून तो परवडला. गारव्यात नीट ठेवलेलं बोट चोवीस तासांपर्यंतही जोडता येतं, उघड्यावर तसंच ठेवलं तर साधारण बारा तास. पण मनगटाच्या वर तुटलं, म्हणजे तुटलेल्या भागात स्नायू आले, की हिशेब एकदम बदलतो. तिथे गारव्याशिवाय सहा तासांच्या आत रक्त सुरू झालं पाहिजे. स्नायू रक्ताविना लवकर मरतो. बोटात तो जवळजवळ नसतोच, म्हणून बोट तग धरतं.

ऑपरेशन सात तास चाललं. नंतर डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून सगळं समजावलं, कारण मी फार प्रश्न विचारत होतो. टूलरूमवाल्याला क्रम कळला की समाधान वाटतं. आधी हाड दोन-चार मिलिमीटर कमी करायचं. मी म्हटलं, आधीच अंगठा तुटलाय, त्यात आणखी कशाला कापता? तर म्हणाले, रक्तवाहिन्यांची चेचलेली टोकं छाटावी लागतात. हाड तेवढंच ठेवलं तर त्या ताणाखाली शिवाव्या लागतील, आणि ताणातली शिवण बंद पडते. मग हाडात दोन बारीक तारा. मग स्नायुबंध. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली धमनी, नसा (म्हणजे मज्जातंतू) आणि शिरा. कातडी सगळ्यात शेवटी आणि सैल.

आता मापं बघा. बोटाची धमनी साधारण एक मिलिमीटर व्यासाची. आपण तेवढ्या जाडीचा पत्रा रोज कापतो. त्या पत्र्यासाठी पंच आणि डायमध्ये एका बाजूला साधारण पाच शतांश मिलिमीटर क्लिअरन्स, म्हणजे फट, ठेवतो. धमनी शिवायचा धागा त्याच्याही निम्म्यावर, दोन ते तीन शतांशांच्या मध्ये. डोक्याचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. आणि असे सहा-आठ टाके त्या एक मिलिमीटरच्या नळीभोवती, एकही टाका समोरच्या भिंतीत न अडकता. एक अडकला की नळी बंद. आयुष्यभर मायक्रोमीटर वापरलेला माणूस मी, पण हे ऐकून गप्प बसलो. तो धागा नायलॉनचा असतो. संक्रांतीला आपल्याकडे, येवल्यात तर फारच, जो नायलॉन मांजा गळे आणि बोटं चिरतो, त्याचाच हा भाऊबंद.

शिवताना धमनीला लावलेली क्लिप काढल्यावर अंगठा गुलाबी व्हायला दोन-तीन मिनिटं लागली, असं सिस्टर म्हणाल्या. त्या दोन-तीन मिनिटांत ऑपरेशन थिएटरात कुणी बोलत नाही म्हणे.

पुढचा आठवडा मात्र कुणी सांगत नाही तेवढा कठीण. खोली गरम ठेवलेली, एसी बंद, दर तासाला कुणीतरी येऊन अंगठा दाबून रंग बघणार. पांढरा पडला तर धमनीत अडचण, निळा-जांभळा झाला तर शिरेत. रक्त आत जातंय पण बाहेर येत नाही, असं झालं की बोट फुगून मरतं. तिसऱ्या दिवशी तसंच व्हायला लागलं, तेव्हा जळवा लावल्या. अहो, खऱ्या जळवा. पुतण्याची आई ओरडलीच, “हे काय गावठी चालवलंय?” डॉक्टर हसले. जळू साठलेलं रक्त ओढते आणि तिच्या लाळेतल्या द्रव्याने रक्त गोठत नाही, चावा काही तास झिरपत राहतो. तेवढ्या दिवसांत शरीर स्वतःच्या नव्या बारीक शिरा तयार करतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनीही 2004 साली या कामासाठी जळवांना परवानगी दिली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे.

आणि तंबाखू बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, आठवड्यात एक चिमूट खाल्ली तरी सात तासांचं काम पाण्यात. पुतण्या म्हणाला, “अंगठा वाचवलात ते तंबाखू मळायलाच की हो, डॉक्टर!” अंगठा राहिला, तंबाखू गेली. त्याच्या बायकोच्या मते सौदा वाईट नाही.

सुश्रुताचं नाव निघालंच आहे. नाशकात डॉक्टरांचा कुठलाही समारंभ असो, एक वक्ता उठून सांगतोच की इथे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, आणि नाक जोडायची विद्याही भारताचीच. टाळ्या पडतात. मला त्यातला टाळ्यांचा भाग नको, पुढचा हवा. 1794 साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचं वर्णन छापून आलं. कावसजी नावाचा, इंग्रज फौजेत बैल हाकणारा मराठा माणूस. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं होतं. कपाळाची कातडी खाली वळवून त्याचं नाक ज्याने नवीन केलं, तो वैद्यही नव्हता आणि पंडितही नव्हता, तो होता विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला कारागीर. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने वीस वर्षांनी, 1814 मध्ये, तशी शस्त्रक्रिया केली. म्हणजे ही विद्या मुळात हातकाम करणाऱ्यांची, आपल्यासारख्यांची. पोथी वाचून टाका येत नाही, त्याला हात बसावा लागतो.

सूक्ष्म शिवणकाम नंतरचं. फ्रेंच सर्जन अॅलेक्सी कॅरेलने रक्तवाहिन्या टोकाला टोक जोडून शिवायची रीत बसवली, त्याला 1912 चं नोबेल मिळालं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक वाहिन्या शिवणं 1960 साली अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ यांनी दाखवलं. 1962 मध्ये बोस्टनला रोनाल्ड माल्ट आणि सहकाऱ्यांनी एका बारा वर्षांच्या मुलाचा अख्खा हात जोडला. त्यानंतरचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. 1963, शांघाय. एका कारखान्यातल्या कामगाराचा उजवा हात पंचिंग मशीनखाली मनगटाजवळून तुटला आणि चेन झोंगवेई यांच्या पथकाने तो जोडला. आपल्यासारखंच मशीन, आपल्यासारखाच माणूस. 1965 मध्ये जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. आणि अंगठा सापडलाच नाही किंवा चेंदामेंदा झाला तर? 1968 मध्ये इंग्लंडच्या जॉन कॉबेट यांनी पायाचा अंगठा काढून हाताला लावला, रक्तवाहिन्या आणि नसांसकट. दिसायला जरा थोराड दिसतो, पण स्क्रू धरता येतो, बटण लावता येतं.

साठ वर्षं झाली, शेठ. माझी बोटं 1994 मध्ये गेली, तेव्हा हे शास्त्र तीस वर्षांचं घोडं झालं होतं. आज तर जपानच्या कोशिमांसारखे सर्जन अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरच्या वाहिन्या जोडतात. हाताची थरथर गाळून टाकणारे रोबोही आलेत. आणि सातपूरला आपण अजून बोट ग्लासातल्या बर्फात टाकतो.

सगळी बोटं जोडावीत असं मात्र माझं म्हणणं नाही, आणि डॉक्टरही तसं म्हणत नाहीत. धारदार कापलेलं बोट चांगलं जोडलं जातं. प्रेसखाली चिरडलेलं कठीण, आणि पट्ट्यात किंवा चेनमध्ये अडकून उपटून निघालेलं सगळ्यात वाईट, कारण वाहिन्या आतून लांबवर फाटलेल्या असतात. एकच मधलं बोट गेलं असेल तर जोडून ताठ राहिलेलं बोट कामात आडवं येतं, त्यापेक्षा नसलेलं बरं. अंगठा मात्र शक्य तितका वाचवायचाच. डॉक्टर मंडळी हाताच्या कामातला सुमारे 40 टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा धरतात. लहान मुलाचं कुठलंही बोट असो, प्रयत्न करायचाच. पण जोडायचं की नाही हे ठरवणार सर्जन. चेंदामेंदा झालाय म्हणून तुकडा डस्टबिनमध्ये टाकणारे सुपरवायझर मी पाहिलेत. टाकू नका. न जोडता येणाऱ्या बोटाची कातडी, नस किंवा हाड दुसऱ्या जखमी बोटाला कामी येऊ शकतं.

आणि जोडलं म्हणजे झालं असंही नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. पुतण्याच्या अंगठ्याच्या टोकाला सुई टोचलेली कळायला चार महिने लागले. फिजिओथेरपी वर्षभर. थंडीत अजून ठणकतो. पण तो डाव्या हाताने पान्हा धरतो. रेशनच्या मशीनवर तो अंगठा आजही उमटत नाही, आता दुसरं बोट लावतो. या वर्षभरात मालकाने त्याला कामावर ठेवलं, हलकं काम दिलं, हे मी मुद्दाम लिहितो. कारण उलट अनुभवही ऐकतो: ऑपरेशन झालं, पण थेरपीला सुट्टी नाही म्हणून बोट वाळून काठी झालं.

आता मशीनबद्दल. इथे मला राग येतो, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी काहींनी की-क्लचच्या प्रेसवर सेन्सर लावलेत. गिऱ्हाइकाचं ऑडिट असलं की लाल दिवे छान चमकतात. शेठ, की-क्लच एकदा बसली की रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा ठोकळा, खाली जाऊन वर आल्याशिवाय थांबत नाही. सेन्सरने हात पाहिला तरी तो थांबवणार काय? सेन्सर चालतो तो एअर क्लचच्या, मध्येच थांबू शकणाऱ्या प्रेसवर. जुन्या प्रेसला पिंजऱ्यासारखा फिक्स गार्ड पाहिजे, म्हणजे हात आत जाऊच नये, आणि जॉब काढायला चिमटा किंवा मॅग्नेट. हे तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. आणि जिथे दोन्ही हातांची बटणं आहेत, तिथे एक बटण आइस्क्रीमची काडी खोचून कायमचं दाबून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. कामगारानेच केलेलं होतं, हो. पण तासाचं टार्गेट त्याने ठरवलेलं नव्हतं.

मायक्रोसर्जरीवरच्या पत्रात हे कशाला, असं वाटेल. सर्जनच मला म्हणाले होते, “माझं सगळ्यात चांगलं ऑपरेशन म्हणजे जे करावंच लागलं नाही ते.” म्हणून लिहिलं.

तरीही अपघात होणार, म्हणून डबा. प्रत्येक शॉपमध्ये, फर्स्ट एडच्या पेटीशेजारी एक छोटा थर्माकोलचा किंवा थर्मासचा डबा, त्यात सलाइनची छोटी बाटली, गॉज, लॉक होणाऱ्या दोन आकारांच्या पिशव्या आणि मार्कर पेन. पेन पिशवीवर नाव आणि बोट तुटल्याची वेळ लिहायला, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. बर्फ ऑफिसच्या फ्रिजमध्ये. फ्रिज नसेल तर जवळच्या आइस्क्रीमवाल्याशी आधीच बोलून ठेवा, रात्रीचा कुठला उघडा असतो तेही. सगळ्याचा खर्च तुमच्या एका डायच्या एका ग्राइंडिंगपेक्षा कमी. डब्यावर चित्रं हवीत, नुसतं लिखाण नको. तुमच्याकडे पेठ-सुरगाण्याची पोरं आहेत, बिहार आणि यूपीची आहेत. रात्री दोन वाजता रक्त बघून हात थरथरत असताना कुणी परिच्छेद वाचत नाही. आणि डब्याच्या झाकणावर मायक्रोसर्जरी कुठे होते त्या दोन-तीन ठिकाणांचे, आधी फोन करून खात्री केलेले नंबर. पुतण्याच्या वेळी जो सव्वा तास गेला, तो नंबर शोधण्यात गेला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून मुंबई जवळ आली म्हणतात. खरं आहे, पण मुंबईला निघण्याआधी गावात विचारा.

अर्धवट लोंबकळणारं बोट असेल तर ते तोडू नका, कितीही बारीक धाग्यावर असो. त्या धाग्यात एखादी शीर शाबूत असू शकते आणि तीच सर्जनचे दोन तास वाचवते. तसंच सरळ ठेवून, हलकं बांधून न्यायचं. पेशंटला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यायची असते. अंगठी, कडं असेल तर सूज यायच्या आत काढा.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल एकच गोष्ट. त्यांचं ईएसआय (कामगार विम्याचं) कार्ड अपघातानंतर काढायची पद्धत बंद करा. दवाखान्याच्या दारात आधार कार्डाचा फोटो मागवत बसलेले ठेकेदार मी पाहिलेत, आणि डब्यातला बर्फ तोवर वितळत असतो.

जाता जाता जिल्हा शल्यचिकित्सक साहेबांना आणि म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंनाही दोन शब्द, पत्र त्यांच्याही नजरेस पडेल म्हणून. महाराष्ट्रातल्या बऱ्याच प्लास्टिक सर्जनांच्या पदव्यांवर ज्या विद्यापीठाचा शिक्का असतो, ते आपल्या गावात आहे. मग निफाडच्या शेतात कडबाकुट्टीत हात गेलेल्या बाईला, तोंडाच्या कॅन्सरने जबडा काढलेल्या आणि पायाच्या हाडातून नवा जबडा करून हवा असलेल्या गुटखाबहाद्दराला, मांजाने मनगटाचे स्नायुबंध तुटलेल्या पोराला सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजताही हे सगळं मिळालं पाहिजे. निव्वळ सूक्ष्मदर्शक विकत घेऊन भागत नाही. पहाटेपर्यंत त्याच्यापुढे बसणारा सर्जन, तेवढाच वेळ जागणारा भूलतज्ज्ञ आणि दर तासाला बोट दाबून बघणाऱ्या सिस्टर, अशी माणसांची पाळी लागते. सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट होताहेत, होऊ द्या. साधू गेल्यावर मागे राहील असं एक युनिटही त्या यादीत बसवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या उपचारांत प्लास्टिक सर्जरी आहेच, ती घ्यायला माणूस जिथे जाऊ शकेल अशी जागा गावात पाहिजे.

परत तुमच्याकडे, शेठ. मी दोन डबे घरी तयार केलेत. एकावर टूलरूमच्या सवयीने मापंसुद्धा लिहिली आहेत, बायको हसते. कुठल्याही शिफ्टच्या बदलीच्या वेळी अर्धा तास द्या. प्रेसवाले, हेल्पर, ठेकेदाराची पोरं आणि सिक्युरिटीवाला, सगळे हवेत. सिक्युरिटीवाला विसरू नका, रात्री गाडी तोच बोलावतो. एक रबरी हातमोजा भरून त्याचं बोट कापून प्रत्यक्ष बांधायला लावतो प्रत्येकाला, नुसतं भाषण नाही. चहा नको, मानधन नको. सोबत तो माझा जुना हेल्पर आला तर उत्तम, बर्फ आणायला त्याच्याएवढं जोरात अजून कुणी पळत नाही.

डबा मी आणीन. बर्फ तेवढा तुमच्या फ्रिजमधला.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
श्रमिकनगर, सातपूर, नाशिक